पेशींपर्यंत नेमके काय पोहोचले

टायटॅनियम डायऑक्साइडची बाटली माझ्या हाती आली तेव्हा तिच्यावर प्राथमिक कणाचा सरासरी आकार २१ नॅनोमीटर असा छापलेला होता, आणि पहिले तीन महिने मी तोच आकडा प्रयोगवहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहीत होते. नागपुरात पीएच.डी.चे काम सुरू केले तेव्हा विषय ठरलेला होता : श्वासावाटे आत जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा फुप्फुसाच्या पेशींवर काय परिणाम होतो ते पाहणे. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे ज्या शहराच्या उशाशी आहेत, तिथे राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका वाटत नाही. परंतु राखेसारखा गुंतागुंतीचा नमुना हाताळण्याआधी ज्यांची जडणघडण माहीत आहे अशा दोन कणांवर हात बसवून घे, असे सरांनी सांगितले, आणि त्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड व चांदी हे पदार्थ निवडले. पहिला पाण्यात जवळजवळ न विरघळणारा, दुसरा हळूहळू विरघळत आयन सोडणारा. पेशी आम्ही पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवल्या. ए-५४९ हा मानवी फुप्फुसाच्या अर्बुदातून १९७२ साली वेगळा केलेला पेशीवंश आहे आणि जगभरच्या प्रयोगशाळांत तो वापरला जातो. पेशी आल्या, वाढल्याही. पण त्यांना कण देण्याची वेळ यायला पुढे जवळजवळ वर्ष लागले. हे लेखन त्या वर्षाविषयी आहे.

सुरुवात वजन करण्यापासून होते, आणि नागपूरच्या मे महिन्यात तीच अवघड असते. पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि हवेतला ओलावा अगदी तळाला गेलेला असतो. अशा कोरड्या हवेत प्लास्टिकच्या वजनपात्रावर विद्युतभार साचतो आणि स्पॅट्युलावरची पूड पात्रात पडण्याऐवजी उसळून पात्राच्या बाहेरच्या कडेला, हातमोज्यावर आणि तराजूच्या काचेवर जाऊन चिकटते. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा पंधरा मिलिग्रॅम मोजता मोजता किती पूड नेमकी कुठे गेली याचा हिशेबच लागेना. शिवाय ही पूड विलक्षण हलकी असते. दहा ग्रॅम पुडीने मोठी बाटली गळ्यापर्यंत भरते. त्यात प्रयोगशाळेत वाळ्याच्या ताट्या लावलेला मोठा कूलर होता, आणि त्याचा झोत थेट तराजूच्या टेबलावर येत असे. हे कण फुप्फुसाला काय करतात हे शोधायला निघालेल्या माणसाने ते स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसात पाठवणे क्षम्य नाही. म्हणून आम्ही वजनाची पद्धतच बदलली. रिकाम्या, झाकणबंद काचेच्या व्हायलचे वजन आधी करायचे, ती फ्यूम हूडमध्ये नेऊन तिथे पूड घालायची, झाकण घट्ट लावून बाहेरून ओल्या कागदाने पुसून पुन्हा तराजूवर ठेवायची आणि फरक लिहायचा. प्लास्टिक पूर्ण बंद. एन-९५ मुखपट्टी, दुहेरी हातमोजे, आणि वजन चालू असेपर्यंत कूलर व पंखा बंद. मेमध्ये हे काम सकाळी सातच्या आत उरकावे लागे. जुलैत सगळे उलटे झाले : तीच पूड आता हवेतला ओलावा धरू लागली आणि तिच्या गुठळ्या होऊ लागल्या. तेव्हापासून वाळवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवलेली पूडच वापरायची, आणि वहीत वजनाबरोबर त्या दिवशीचे तापमान व आर्द्रताही लिहायची, असा नियम झाला.

पूड पाण्यात टाकली की तिचे सुटे सुटे कण होत नाहीत. भट्टीत तयार होतानाच अनेक कण एकमेकांना जुळलेले असतात. काही जोड इतके पक्के की ते तुटतच नाहीत, आणि काही नुसते सैल चिकटलेले. सैल जोड सोडवण्यासाठी प्रोब सोनिकेटर वापरतात, म्हणजे द्रवात बुडवलेल्या धातूच्या कांडीने (प्रोबने) अतिजलद कंपने देणारे यंत्र. आम्ही युरोपातील नॅनोजेनोटॉक्स प्रकल्पात ठरलेली पद्धत पायाला धरली : पूड आधी अगदी थोड्या इथेनॉलने भिजवायची, मग गाईच्या सीरममधील अल्ब्युमिन हे प्रथिन ०.०५ टक्के असलेले पाणी घालून दर मिलिलिटरला २.५६ मिलिग्रॅम इतके निलंबन (कण तरंगत असलेला द्रव) करायचे आणि बर्फात ठेवून सोळा मिनिटे सोनिकेट करायचे. सहा मिलिलिटरसाठी पूड १५.३६ मिलिग्रॅम. कागदावर हे सोपे दिसते. पण सोनिकेटरच्या पडद्यावर जी टक्केवारी दिसते ती प्रोबच्या कंपनाची असते. द्रवाला प्रत्यक्षात किती ऊर्जा मिळाली हे ती सांगत नाही. दोन प्रयोगशाळांनी '४० टक्के' लिहिले तरी त्यांच्या कणांना मिळालेली ऊर्जा सारखी असेल असे अजिबात नाही.

ती ऊर्जा मोजायची जुनी, साधी रीत आहे. चंचुपात्रात ५०० मिलिलिटर पाणी घ्यायचे, त्यात प्रोब बुडवायचा, पाच मिनिटे दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचे आणि वस्तुमान, विशिष्ट उष्मा व तापमानवाढीचा वेग यांच्या गुणाकाराने शक्ती काढायची. मी ते केले. पाणी १.५ अंशांनी तापले आणि हिशेब साडेदहा वॅटचा आला. सरांनी वही पाहिली आणि एवढेच विचारले, "खोलीचं तापमान किती होतं?" खोली ३६ अंशांवर होती आणि पाणी २७ अंशांवर. म्हणजे प्रोब न लावताही ते पाणी तापतच होते. मी तेच चंचुपात्र, तेवढेच पाणी घेऊन, यंत्र बंद ठेवून पाच मिनिटे बसले, पारा ०.४ अंशाने वर गेला. वजाबाकी करून वाढ १.१ अंश राहिली आणि शक्ती साडेसात वॅटच्या किंचित वर आली. माझा पहिला आकडा एक तृतीयांशाहून अधिक फुगलेला होता, आणि तो फुगवटा नागपूरच्या उन्हाळ्याचा होता. वीस-बावीस अंशांवर वातानुकूलित असलेल्या प्रयोगशाळेसाठी लिहिलेल्या पद्धतीत ही सूचना नसते, कारण तिथे तिची गरजच पडत नाही. तेव्हापासून चंचुपात्राभोवती थर्माकोल आणि प्रत्येक मापनाआधी यंत्र बंद ठेवून एक मापन, हे कायमचे झाले.

प्रोबच्या टोकाविषयीही सांगितले पाहिजे. ते टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असते आणि वापरात झिजते. झिजलेले टोक बोटाने पुसले तर करडा डाग लागतो आणि भिंगाखाली पाहिले तर त्यावर देवीच्या व्रणांसारखे खळगे दिसतात. त्या खळग्यांतला धातू कुठे गेला, तर नमुन्यात. आमचा नमुनाही टायटॅनियमचाच असल्यामुळे एकूण टायटॅनियम मोजणाऱ्या विश्लेषणात हा परका धातू ओळखूच येणार नव्हता. मिश्रधातूत ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम असतात, म्हणून आम्ही कण न घातलेले अल्ब्युमिनचे पाणी तितकाच वेळ सोनिकेट करून त्यात ही मूलद्रव्ये शोधली, आणि तेच पाणी पुढे प्रत्येक वेळी पेशींना तुलनेसाठी दिले. टोक दर काही तासांच्या वापरानंतर घासून गुळगुळीत करायचे, आणि खोल खळगे पडले की बदलायचे.

आकार मोजण्यासाठी आमच्याकडे डीएलएस (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग) यंत्र होते. द्रवात तरंगणारे कण सतत थरथरत असतात, लहान कण जास्त वेगाने, मोठे कमी. त्यांच्यावर लेझर टाकला की विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता त्या थरथरीप्रमाणे कमीजास्त होते, आणि त्यावरून आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या कामातून आलेल्या सूत्राने कणाचा व्यास निघतो. यंत्र दोन मिनिटांत आकडा देते आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. प्रकाश विखुरण्याचे प्रमाण व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. दहा नॅनोमीटरच्या कणापेक्षा शंभर नॅनोमीटरचा एक कण दहा लाख पट जास्त प्रकाश विखुरतो. धुळीचा एखादा कण आला की तो सगळ्यांचा आवाज दाबून टाकतो. मेमधल्या दुपारी, खिडकीच्या फटींतून येणाऱ्या धुळीत उघड्या ठेवलेल्या क्युव्हेटने, म्हणजे नमुना ठेवायच्या लहान पारदर्शक पात्राने, मला दोनदा असा चकवा दिला. क्युव्हेट गाळलेल्या पाण्याने धुऊन, उपडी वाळवून, झाकून ठेवायची, आणि कण नसलेल्या पाण्याचे मापन आधी करून पाहायचे, या शिस्तीला पर्याय नाही. तापमानाचेही तसेच. या सूत्रात द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा विरोध, लागते. पाण्याची श्यानता २० अंशांना १.०० आणि २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते. तापलेल्या खोलीतून आलेली क्युव्हेट यंत्रात ठेवून लगेच मापन सुरू केले तर आत गृहीत धरलेली श्यानता एक आणि प्रत्यक्षातली दुसरी असते.

सोळा मिनिटांच्या सोनिकेशननंतर आमच्या निलंबनाचा सरासरी व्यास १५० ते १६० नॅनोमीटर येऊ लागला. लेबलावर २१, यंत्रावर १५५. त्या वेळी मला वाटले की माझ्या हातून काहीतरी चुकते आहे, आणि मी सोनिकेशनचा वेळ वाढवत गेले. काही काळाने आकार कमी होणे थांबले, आणि आणखी वाढवल्यावर तो उलट चढू लागला. उष्णतेने आणि झटक्यांनी अल्ब्युमिन बिघडले की ते कणांना सुटे ठेवण्याऐवजी एकत्र बांधते. शेवटी लक्षात आले की चूक कुठेच नव्हती; दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टींची मापे होती. छापलेला आकडा प्राथमिक कणाचा होता, मी मोजत होते तो पक्क्या जोडांनी बांधलेल्या पुंजक्याचा, तोही त्याच्याभोवती ओढल्या जाणाऱ्या पाण्याच्या थरासकट.

मग एकाच पुडीकडे चार वाटांनी पाहायचे ठरले; डीएलएस ही त्यांतली पहिली. बीईटी पद्धतीत, जी ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये मांडली, थंड केलेल्या पुडीवर नायट्रोजनचा थर बसवून पृष्ठफळ मोजतात. आमच्या पुडीचे ते दर ग्रॅमला ५१ चौरस मीटर आले. एका ग्रॅमला साडेपाचशे चौरस फुटांच्या घराएवढी जागा. घनता पाण्याच्या चौपट धरून आणि कण गोल मानून उलटा हिशेब केला की व्यास तीस नॅनोमीटरच्या आसपास येतो. क्ष-किरण विवर्तनात ॲनाटेज आणि रुटाइल या दोन्ही स्फटिकरूपांची शिखरे दिसली, ॲनाटेज बरेच जास्त, आणि शिखराच्या रुंदीवरून शेरर यांच्या १९१८ च्या सूत्राने स्फटिकाचा आकार वीस-पंचवीसच्या दरम्यान आला. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ते जुळतात, कारण जिथे दोन कण एकमेकांना घट्ट चिकटलेले आहेत तिथला पृष्ठभाग नायट्रोजनला मिळत नाही आणि म्हणून बीईटीचा व्यास थोडा मोठा येतो. हे उमगले त्या संध्याकाळी मला झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही.

चौथी वाट टेमची, म्हणजे पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची. तीन मिलिमीटर व्यासाची तांब्याची बारीक जाळी, तिच्यावर कार्बनचा पडदा. चिमट्याने तिची कडा धरून तिच्यावर पाच मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने गाळणकागदाच्या टोकाने उरलेले पाणी कडेकडेने शोषून घ्यायचे. चिमटा जरा घट्ट धरला की जाळी वाकते, श्वास जोरात सोडला तरी ती उडते. थेंब तसाच वाळू दिला तर पाणी आटताना कणांना कडेकडे ओढत नेते आणि पडद्यावर दाट कडे तयार होते. ते पाहून द्रवातही कण असेच चिकटलेले होते असा निष्कर्ष काढणे चूक. पहिल्या चार जाळ्या मी अशा वाया घालवल्या. पुढच्या जाळ्या लहान डबीत बंद करून, ती डबी हातातल्या पिशवीत सांभाळत मी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला, पवईच्या आयआयटीत नेल्या. टेमच्या चित्रांवरून तीनशेहून अधिक कणांचा व्यास मी एकेक करून मोजला. टेमने प्राथमिक कणाचा आकार आणि रूप सांगितले. द्रवात ते कसे होते हे त्याला विचारायचे नसते.

एवढे सगळे पाण्यातले झाले. पेशी पाण्यात नसतात. त्या क्षार, साखर, अमिनो आम्ले आणि दहा टक्के गर्भवासराचे सीरम असलेल्या माध्यमात, ३७ अंशांवर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये राहतात, आणि कण तिथे गेल्यावर त्यांची ओळखच बदलते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार पीएच सहाच्या आसपास शून्य होतो. नुसत्या पाण्यात ही पूड आम्लधर्मी राहते, तेव्हा तिचे झीटा पोटेन्शियल, म्हणजे द्रवातल्या कणाच्या विद्युतभाराचा अंदाज देणारे माप, धन असते आणि कण एकमेकांना दूर ढकलतात. माध्यमाचा पीएच ७.४ असतो आणि त्यातले क्षार उरलासुरला विद्युतभारही झाकून टाकतात. सीरम नसलेल्या माध्यमात मी निलंबन घातले तेव्हा तासाभरात नळीच्या तळाशी पांढरा साका दिसू लागला. सीरम आधी घातले तर मात्र प्रथिने कणाभोवती कडे करतात आणि तो बराच काळ तरंगत राहतो. या कड्याला २००७ पासून प्रोटीन कोरोना असे नाव रूढ झाले. पेशीच्या आवरणाला स्पर्श करते ते हे कडे. आतला ऑक्साइड तिला आधी दिसतही नाही. मिसळण्याचा क्रम बदलला, आधी क्षार आणि मग सीरम असे केले, की तोच कण, तीच मात्रा, आणि पुंजक्यांचा आकार मात्र वेगळा. म्हणून क्रम, वेळ आणि किती वेळा पिपेटने वरखाली केले हेसुद्धा वहीत असलेच पाहिजे.

माध्यमातले मापन मी सुरुवातीला टेबलावर ठेवलेल्या नळीतून करत असे. एक दिवस पाहिले तर माध्यम लालसर न राहता जांभळट गुलाबी झाले होते. इन्क्युबेटरबाहेर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो, आणि पेशींना ज्या द्रवात कण भेटणार त्यापेक्षा वेगळ्याच द्रवात मी आकार मोजत होते. त्यानंतर नमुने प्लेटमध्ये, पेशींच्या शेजारच्या खोबणींत, त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवून शून्य, चार आणि चोवीस तासांनी मोजू लागले. फक्त सीरम असलेल्या माध्यमाचेही मापन सोबत लागते, कारण प्रथिनांचे स्वतःचे शिखर दहा-वीस नॅनोमीटरच्या पट्ट्यात येते आणि नवखा माणूस त्यालाच नॅनोकण समजून आनंदित होतो.

चांदीचे कण आम्ही स्वतःच तयार केले. बर्फात थंड केलेल्या सोडियम बोरोहायड्राइडच्या द्रावणात, सायट्रेटच्या सोबतीने, सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने घालत ढवळायचे. पहिल्या काही थेंबांतच रंग चढू लागतो, आणि शेवटी फ्लास्कमध्ये केशराच्या पाण्यासारखे स्वच्छ, पारदर्शक पिवळे कलिल, म्हणजे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेला द्रव, तयार होते. ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास प्रकाशशोषणाचे एकच अरुंद शिखर दिसले म्हणजे कण लहान, गोल आणि सुटे आहेत असे समजायला हरकत नसते. पहिल्या पाच वेळा असे सुरेख झाले. सहाव्या वेळी रंग पिवळा न येता मळकट आला, फ्लास्क उजेडात धरला तर आत दुधाळ झाक, आणि शिखर बुटके व पसरट. रसायने तीच, बर्फ तोच, हात तोच. तीन दिवस मी बोरोहायड्राइड जुने झाले असेल म्हणून नवे मागवण्याच्या खटपटीत घालवले. चौथ्या दिवशी काचसामान पाहणाऱ्या काकांना सहज विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, डिस्टिल्ड पाणी संपलं होतं ना, म्हणून शेवटचं पाणी मी टाकीचंच घेतलं. चकाचक धुतले बघा फ्लास्क." फ्लास्क खरोखरच चकाचक दिसत होते. मी एका फ्लास्कमध्ये थोडे शुद्ध पाणी घोळवले आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला. पांढरी धूसर रेषा खाली उतरत गेली. अकरावी-बारावीत क्लोराइडची म्हणून केलेली परीक्षा. टाकीच्या पाण्यातले क्षार काचेवर वाळून बसले होते आणि माझी चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन बसली होती. काकांचा यात काही दोष नव्हता. चांदीचे फ्लास्क वेगळे धुवायचे असतात हे त्यांना सांगणे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून त्या फ्लास्कना निळी पट्टी लावली, त्यांच्यासाठी नायट्रिक आम्लाचे भांडे वेगळे केले आणि शेवटच्या तीन धुण्यांसाठी अतिशुद्ध पाण्याचा कॅन बाजूला काढून ठेवला. अम्लराज इथे चालत नाही, कारण त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे पुन्हा क्लोराइडच, असते. सोन्याच्या कणांचे काचसामान धुवायला जे योग्य ते चांदीसाठी घातक. काका नंतर प्रत्येक फ्लास्कच्या धुण्याच्या पाण्यावर स्वतःच तो एक थेंब टाकून पाहू लागले आणि मला बोलावून दाखवू लागले.

चांदीचा खरा पेच पुढे होता. कलिल बाटलीत ठेवले की हवेतल्या ऑक्सिजनमुळे कणांच्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन सुटत राहतात, आणि आयन स्वतःच पेशींना विषारी असतात. मग पेशी मेल्या तर त्या कणांनी मेल्या की आयनांनी? हा प्रश्न न सोडवता 'नॅनोचांदीचा परिणाम' असे लिहिणे मला आजही अप्रामाणिक वाटते. यासाठी कलिल तीन किलोडाल्टनच्या (लहान रेणू व आयनच जाऊ देणाऱ्या) गाळणीतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, कण वर राहतात आणि आयन खाली येतात; खालचा द्रव नायट्रिक आम्लाने आम्ल करून आयसीपी-एमएस या मूलद्रव्यांचे अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर चांदी मोजायची. गाळणीही काही आयन धरून ठेवते, म्हणून ज्ञात प्रमाणाचे सिल्व्हर नायट्रेट तिच्यातून आधी गाळून किती हरवते ते पाहावे लागते. पेशींना मग तीन गोष्टी शेजारी शेजारी द्यायच्या : कलिल, त्यातून गाळलेला द्रव, आणि तितक्याच आयनांचे सिल्व्हर नायट्रेट. महिनाभर जुन्या बाटलीतल्या गाळलेल्या द्रवानेच पेशींवर ठळक परिणाम केला तेव्हा आम्ही त्या बाटलीचे आधीचे सगळे निकाल बाजूला ठेवले. आता कलिल सात दिवसांपेक्षा जुने वापरत नाही, आणि वापरण्याच्या दिवशी आयनांचे मोजमाप झाल्याशिवाय प्लेट लावत नाही.

जीवाणूंच्या अंतर्विषाचा, म्हणजे एन्डोटॉक्सिनचा, विचार मी फार उशिरा केला याचे मला वाईट वाटते. निर्जंतुक द्रव अंतर्विषमुक्त असतोच असे नाही. जीवाणू मरतात, त्यांच्या भिंतींचे तुकडे कणांना चिकटून राहतात आणि पेशींमध्ये दाहाची प्रतिक्रिया उठवतात. काचसामान २५० अंशांवर अर्धा तास तापवले तर ते नष्ट होते, नुसत्या ऑटोक्लेव्हने नाही. त्याच्या चाचणीतही गंमत नव्हे तर सापळा आहे : रंगावर आधारलेली चाचणी ४०५ नॅनोमीटरवर वाचतात, आणि माझ्या चांदीचे शिखर ३९५ वर. चांदी स्वतःच अंतर्विष म्हणून वाचली जात होती. जेल गोठण्याच्या पद्धतीकडे वळले आणि ज्ञात अंतर्विष मुद्दाम मिसळून ते परत मिळते का हे तपासले, तेव्हा खरे चित्र आले. पेशी जगल्या की मेल्या हे सांगणाऱ्या एमटीटी चाचणीचेही तेच; टायटॅनियमचे तळाशी बसलेले पुंजके प्रकाश अडवतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. पेशी नसलेल्या, फक्त कण असलेल्या खोबणी प्रत्येक प्लेटमध्ये असल्याच पाहिजेत.

उरला मात्रेचा प्रश्न. शहाण्णव खोबणींच्या प्लेटमध्ये एका खोबणीचा तळ ०.३२ चौरस सेंटिमीटर असतो. तिच्यात १०० मायक्रोलिटर द्रव घातला तर तो सुमारे तीन मिलिमीटर उंच उभा राहतो. पेशी तळाला चिकटलेल्या असतात. दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम दिले तर सगळे कण खाली पोहोचल्यास चौरस सेंटिमीटरला साडेपंधरा मायक्रोग्रॅम पडतील. पण सगळे पोहोचतात का? टायटॅनियमचे पुंजके खाली बसतात, मात्र पाण्याच्या चौपट घनतेच्या दगडासारखे नाही, कारण त्यांच्या पोकळ्यांत माध्यम भरलेले असते आणि पोकळ्यांसकट पुंजक्याची एकूण घनता पाण्याच्या बरीच जवळ येते. ती मोजण्यासाठी निलंबन निमुळत्या, खुणा असलेल्या नळीत फिरवून तळाशी बसलेल्या गोळ्याचे आकारमान वाचतात. चांदीचे दहा-बारा नॅनोमीटरचे कण तर बसतच नाहीत. ते इकडेतिकडे भटकत भटकत तळाला लागतात आणि चोवीस तासांत त्यांच्यातले बरेचसे पेशींपर्यंत जातच नाहीत. दोन्ही पदार्थ '५० मायक्रोग्रॅम' म्हणून एकाच आलेखावर शेजारी काढणे म्हणजे एका पेशीला भरलेले ताट आणि दुसरीला दोन घास देऊन त्यांची तुलना करणे. छापून येणाऱ्या कामांत आकारासमोर केवळ 'उत्पादकाने दिल्याप्रमाणे' असे लिहिलेले मला दिसते, तेव्हा तिथून पुढचे आकडे मी फार सावधपणे वाचते.

आता माझ्या वहीत प्रत्येक प्लेटसाठी एक पान आहे आणि त्यावर शेजारी शेजारी दोन रकाने आहेत, दिलेली मात्रा आणि पोहोचलेली मात्रा. पहिला रकाना मी सकाळी शाईने भरते. दुसरा दुसऱ्या दिवशी, चोवीस तासांनंतरचा आकार, गोळ्याचे आकारमान आणि गाळलेल्या द्रवातली चांदी हे तिन्ही हाती आल्यावर भरला जातो. तोपर्यंत त्यात फक्त पेन्सिलीची तारीख असते, आणि पेशींचा निकाल कितीही चांगला दिसत असला तरी ते पान पूर्ण झाल्याशिवाय सरांच्या टेबलावर जात नाही.